पहिल्या नोंदीचा मासा

मालवणच्या दांडी भागात तुळसा सारंगला काही सांगायचं म्हणजे लोक आधी स्वतःशी नीट ठरवून घेत. कारण ती एकदा विचारून थांबत नसे. सकाळी विहिरीवर विचारलेलं ती दुपारी मासळीच्या लिलावात विचारी, आणि काही दिवस गेले की भलत्याच बोलण्याच्या मध्ये पुन्हा तेच, जसं काही आधी कधी विचारलंच नव्हतं. उत्तर जरासं हललं तरी ती काही बोलत नसे. पदर कमरेला खोचून कामाला लागे. मग ज्याचं उत्तर हललं तोच दिवसभर बेचैन.

हा स्वभाव तिने माहेराहून आणलेला नव्हता. देवगडला बापाच्या घरी ती भोळी म्हणून ओळखली जायची. लग्न होऊन दांडीला आली. नवरा महादू ट्रॉलरवर खलाशी. मुलगी दीपिका पावलं टाकायला लागली त्या वर्षी ट्रॉलर महादूशिवाय परत आला. मालकाने सांगितलं, जाळं ओढताना पाय घसरला. ट्रॉलर चालवणारा तांडेल म्हणाला, त्याला बरं नव्हतं, ओकायला वाकला आणि गेला. आणि तेराव्याला जेवायला आलेला एक खलाशी हात धुता धुता म्हणून गेला, "आमी निजलेले, वयनी. सकाळी बघतंव तर महादू नाय."

तिघंही रडले होते. तिघांनीही तिच्यापुढे हात जोडले होते. दर्याने महादूला परत दिलं नाही, आणि माणसांनी तिला त्याच्या मरणाची एक धड गोष्टसुद्धा दिली नाही. तेव्हापासून तुळसा विचारायला लागली.

पुढे किनाऱ्यावर पर्यटक आले तसं तिने घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या आणि खानावळ सुरू केली. दीपिका मुंबईला नोकरीला लागली. शेजारच्या घरात तुळसाची मोठी जाऊ यशोदा आणि तिचा मुलगा सुदेश. सुदेश पर्यटकांना होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नेई, तोंडाला नळी लावून पाण्याखालचं दाखवी. पोरगा मायेचा. पावसाळ्यात तुळसाचं छप्पर गळायला लागलं तर न सांगता वर चढणारा, आणि तिला ताप चढला तेव्हा पाठीवर घेऊन रिक्षापर्यंत नेणारा तोच.

तेजस्वी पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर. पाठीवर बोजा, हातात बाटल्यांचा खोका. हिवाळाभरासाठी खोली हवी म्हणाली.

"खंयची गो तू?" तुळसाने विचारलं.

"सावंतवाडीची."

"मगे मालवणी कित्याक बोलणस नाय?"

तेजस्वी हसली. "शिकायला बाहेर होते ना काकी. जीभ वळत नाही आता पटकन."

तुळसाला हे पटलं नाही. आईची भाषा कोण विसरतं? तिने खोली दिली, पण लक्ष ठेवायचं ठरवूनच.

तेजस्वीचं काम असं होतं, की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, खडपांवर जायचं, दगडाखालचे, कपारीतले जीव शोधायचे, त्यांचे फोटो काढायचे, कुणी अनोळखी सापडला तर बाटलीत घालून आणायचा. भारताच्या पाण्यात आजवर कुणी नोंदवलेला नाही असा एखादा जीव सापडला तर त्याची पहिली नोंद करायची. तुळसाने हे सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, आठवड्याने भाकरी वाढताना पुन्हा विचारलं. दर वेळी तेच उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत. त्याने तर तिचा संशय आणखीच वाढला. खरं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोलतो, असं तिचं मत होतं. इतकं सारखं बोलायला पाठ करावं लागतं.

मच्छीमार सोसायटीचा सत्यवान तर सरळ घरीच आला. "तुळसा, ता चेडू तुझ्याकडे ऱ्हवता. जरा नजर ठेव. हे आज किडे मोजतत, आणि फाल्या सरकार आमका सांगता, हयसर जाळी टाकूची नाय. हयसर दुर्मीळ किडो आसा."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. आधी मोजमाप आणि मग बंदी, हे किनाऱ्यावरच्या माणसांनी ऐकलं होतं आणि थोडंफार पाहिलंही होतं. तुळसाने मान हलवली.

एक दिवस तिने फ्रीज उघडला तर सोलकढीच्या भांड्याशेजारी एक बाटली. आत पांढुरकं काहीतरी, आणि झाकण काढताच इस्पितळासारखा वास. तिने बाटली परसात नेली आणि माडाच्या आळ्यात उपडी केली.

तेजस्वी परतली, फ्रीज उघडला, आणि तिचा चेहरा उतरला. "काकी, ते फेकलंत?"

"माझ्या फ्रीजात घाण नको."

"कितीतरी ओहोट्या वाट बघून मिळालं होतं ते. परत मिळेल की नाही सांगता येत नाही." तिने फ्रीजचं दार लावलं. "नको होतं तर मला सांगायचं. फेकायचं कशाला? कुणी सांगितलं तुम्हाला फेकायला?"

हा शेवटचा प्रश्न तुळसाला लागला. म्हणजे ही पोरगीही आपल्यावर संशय घेते आहे. दुसऱ्या दिवसापासून तेजस्वीच्या खोलीला कुलूप. जेवायला येई, मुकाट जेवून जाई. कुलूप बघून तुळसाच्या मनात नव्याने कीड वळवळायला लागली.

शेवटी तिने ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं. पुढच्या मोठ्या ओहोटीला ती न विचारता तेजस्वीच्या मागोमाग खडपांवर गेली आणि एका उंच दगडावर डोक्यावर पदर घेऊन बसली. तेजस्वीने मागे वळून पाहिलं. ती वाकली आणि कामाला लागली. एक दगड उलटायचा, खाली बघायचं, फोटो काढायचा, दगड होता तसा परत ठेवायचा. मग पुढचा. ऊन वर चढलं. पाणी परत यायला लागलं. पोरगी एका दगडाकडून दुसऱ्याकडे गोगलगायीसारखी सरकत होती. तुळसाला डुलकी आली, जाग आली, तरी तेच.

परतीच्या वाटेवर तुळसाने विचारलं, "दिसभर ह्याच करतस?"

"हेच."

"आणि काय गावला?"

"आज काहीच नाही. जे सापडलं ते सगळं आधीच माहीत असलेलं."

"दगड परत कित्याक ठेवतस?"

"खाली राहणारे असतात ना. त्यांचं घर उघडं पडतं."

तुळसाने वाकून पायाची वाळू झटकली. मग म्हणाली, "खोटा बोलूक इतको त्रास कोणी घेना नाय."

त्या दिवसापासून कुलूप गेलं. फ्रीजचा खालचा कप्पा तेजस्वीला मिळाला. संध्याकाळी भाजी निवडताना तेजस्वी तिला सांगे, की एखादा जीव आपल्या देशात आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. कुठे, कधी, कुणी पकडला, दुसऱ्या कुणी पाहिला का, दुसऱ्या कशाशी गल्लत तर होत नाही, सगळं दाखवावं लागतं. "आमचे सर म्हणतात, आधी स्वतःवरच संशय घ्या."

"सर बरे आसत तुझे," तुळसा म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटलं होतं. संशयखोर म्हणून गावाने तिला नावं ठेवली होती, आणि इथे कुणीतरी त्यालाच काम म्हणत होतं.

जानेवारीत सुदेश एक बरणी घेऊन आला. आत पाण्यात बोटाएवढा मासा. अंग शेंदरी, पाठीवरून निळी रेघ, आणि शेपटीला तीच निळाई. तुळसाने आयुष्यभर मासे निवडले होते, पण असला रंग तिने पाहिला नव्हता. तेजस्वी तर बरणीपुढे जमिनीवरच बसली. तिने फोटो काढून सरांना पाठवले. त्यांचा फोन आला. हा मासा फिलिपीन्सच्या बाजूला असतो, आपल्या किनाऱ्यावर त्याची कुठेच नोंद नाही, आणखी एखादा मिळतो का बघ.

"खंय गावलो रे?" तुळसाने विचारलं.

"किल्ल्याच्या मागल्या बाजूक, काकी. कपारीत. सोमवारी सकाळी एकटोच गेलंय, बुडी मारलंय, बघतंय तर हो! जाळीत घेतलंय." सुदेश बोलतच राहिला. पाणी किती निवळ होतं, मासा कसा वळला, आपण श्वास कसा धरला.

तुळसा त्याच्याकडे बघत राहिली. हा पोरगा एरवी विचारलं तेवढंच बोलणारा.

सुदेशने दुसरा मासाही आणून दिला. मग तेजस्वीला ती जागा दाखवायला घेऊन गेला. ती परत आली ती ओल्या कपड्यांनीच तुळसाच्या गळ्यात पडली. "काकी, मी स्वतः बघितला! कपारीच्या तोंडाशी बसला होता. पाण्याखाली व्हिडिओ काढला मी."

"पळालो नाय तो?"

"नाही ना! इतक्या जवळ जाऊ दिलं की हात लावता आला असता."

तुळसाने तिला टॉवेल दिला. त्या संध्याकाळी सुदेश चहाला आला तेव्हा ती सहज म्हणाली, "पयलो गावलो त्या दिवशी होडयेत कोण कोण हुते रे?"

"पर्यटक हुते ना. कराडची एक बाई हुती, तिनाच बोट दाखवल्यान."

तुळसाने कपात चहा ओतला. हात थांबू दिला नाही. सोमवारी सकाळी एकटा गेलेला सुदेश आता कराडच्या बाईबरोबर होता.

त्या सोमवारचं तिला दुसरंही काही आठवत होतं. फळीवर गुळाची ढेप होती. सुदेश पहाटेच होडीच्या इंजिनाचा भाग आणायला कोल्हापूरला गेला होता, परतताना फोंडाघाटात गाडी थांबली तेव्हा त्याने फोन करून विचारलं होतं, काकी, काय व्हया काय? आणि तो गूळ घेऊन आला होता. तो गूळ आला तो दिवस सोमवारच, कारण सोमवारी तिचा उपास असतो आणि त्याच गुळाने तिने उपास सोडला होता. त्याच्याबरोबर एक थर्माकोलचा खोकाही होता. इंजिनाचा भाग त्यातून आणला म्हणाला. रिकामा खोका त्याने तिच्या पडवीत टाकला, तिने त्यात पोहे-पापड भरून ठेवले. आता तिने तो खोका पुन्हा उघडला, पापड काढले, आणि आत नाक घातलं. दांडीतल्या कुठल्याही थर्माकोलच्या खोक्याला मासळीचा वास असतोच. याला नव्हता. ग्रीजचाही नव्हता. तळाशी पाणी सुकल्याचा पांढरा डाग होता.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस येऊन सुदेशचा फोटो घेऊन गेला. 'मालवणच्या समुद्रात देशातला पहिला' अशी बातमी आली. सुदेशने होडीवर फलक लावला. सत्यवान, जो आधी बंदीला घाबरत होता, तोच आता लोकांना सांगत सुटला, की आमच्या दांडीचा मासा. होड्या भरायला लागल्या, एकट्या सुदेशच्याच नव्हे, सगळ्यांच्या. तुळसाच्या खोल्याही भरल्या. यशोदा देवाला नारळ देऊन आली. म्हणाली, पोराचं नशीब फळलं.

तेजस्वी सरांबरोबर शोधनिबंध लिहीत होती. त्यात सुदेशचे आभार असणार होते. तुळसा रोज तिच्यासमोर ताट ठेवी आणि रोज गप्प राही. सुदेश वाईट नव्हता. तो चोर नव्हता. आणि ती स्वतः चुकत असेल तर? बाटली फेकली तेव्हाही तिला खात्रीच होती.

एका दुपारी तेजस्वी म्हणाली, "काकी, उद्या पाठवणार निबंध."

तुळसा समोर बसली. "थांब वायच." आणि तिने सांगितलं. गूळ, सोमवार, कराडची बाई, खोका. जसं दिसलं तसं, पुढेमागे न करता.

तेजस्वीने ऐकलं, आणि तिचा चेहरा कठीण झाला. "काकी, तुम्हाला मी इथे पहिल्यापासून नको होते."

"ता खरा. पण आता तसा नाय."

"सत्यवानकाकांनी सांगितलंय का? नोंद झाली तर बंदी येईल म्हणून?"

"तो तर खुश आसा. तेका इचार."

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय तो मासा. पाण्यात."

"बघितलंस. पण थंय कोणी ठेवल्यान, ता बघितलंस?"

तेजस्वी उठून खोलीत गेली. दार लागलं. पुन्हा कुलूप येणार, असं तुळसाला वाटलं. ती मागच्या पडवीत बसून नारळ खवत राहिली, आणि मनात म्हणाली की आता घरातही शत्रू आणि शेजारीही.

ऊन कलायच्या आत तेजस्वी बाहेर आली. हातात पांढरी ताटली, चिमटा, छोटं भिंग. आणल्या आणल्या औषधात घातलेल्या दोन माशांतला एक अख्खा जपायचा होता, दुसरा तिने घेतला होता. "मलाही खटकलं होतं, काकी," ती खाली मान घालून म्हणाली. "समुद्रातला मासा इतका जवळ येऊ देत नाही. पण मला ते मान्य करायचं नव्हतं." तिने माशाचं पोट चिरलं, आतलं ताटलीत पसरलं, पाण्याचे थेंब टाकले आणि भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग तुळसापुढे केलं.

तुळसाला हिरवे-तांबडे चुरे दिसले, सारख्या आकाराचे.

"ह्या काय?"

"दुकानातलं खाणं. काचेच्या टाकीतल्या माशांना घालतात ते." तेजस्वीने ताटली खाली ठेवली. "समुद्रात राहणाऱ्याच्या पोटात कोळंबीची पिल्लं असायला हवी होती."

सुदेश नेहमीसारखा चहाला आला. ताटली, भिंग आणि दोघींचे चेहरे बघून तो उंबऱ्यातच थांबला. तेजस्वी काही बोलायच्या आत तुळसा म्हणाली, "कोल्हापुरात कितक्याक घेतलंस, ता विचारणंय नाय. किती मासे हाडलंस, ता सांग."

तो आधी हसला. मग चिडला. मग पायरीवर बसला आणि खाली बघत बोलला. कोल्हापूरला इंजिनाच्या दुकानाशेजारी शोभेच्या माशांचं दुकान होतं. तेजस्वी दिवसभर सांगायची, नवीन काही सापडलं तर जगभर नाव होईल. इकडे मोठ्या बोटीवाले सगळं गिऱ्हाईक नेत होते. त्याने चार मासे घेतले. दोन बरणीतून आणून दिले, दोन कपारीत सोडले.

"खोटा केलंय, होय," तो म्हणाला. "पण कोणाचा वायट झाला, सांग. गावाचा नाव झाला. तुझे खोले भरले. हिचाय नाव झाला असता."

"सोडलेल्या दोघांचं काय?" तेजस्वी ओरडली. "टाकीतले मासे कसले कसले रोग घेऊन येतात, माहीत आहे? इथल्या माशांना लागले तर? पिल्लं झाली तर?"

"दोन मासे गो ते! एवढो दर्या!" मग तो तुळसाकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "आणि तुका काय, काकी. महादूकाकाचा खरा तुका कोणी सांगूक नाय, म्हणान तू सगळ्यांका चोर करतस."

यशोदा शेजारच्या अंगणातून ऐकत होती.

तुळसाने ताटली उचलून बाजूला ठेवली. "होय. सांगूक नाय. म्हणानच माका ठावक आसा, मागसून किती वर्सा इचारत ऱ्हवाचा लागता ता."

सुदेश उठून निघून गेला. चहा तसाच राहिला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडी घेऊन किनाऱ्यावर उभा होता. तेजस्वीला म्हणाला, चल, सोडलेले शोधूया. त्यांनी कपार आणि आसपासचे खडप बरेच दिवस धुंडाळले. एक मासा जिथे सोडला होता तिथेच होता, हाताशी आला. दुसरा कुठेच नव्हता. मोठ्या माशाने खाल्ला असेल, असं सुदेश म्हणाला. असेल, असं तेजस्वी म्हणाली. खात्रीने कुणालाच काही म्हणता आलं नाही.

निबंध गेला नाही. सर तेजस्वीवर चिडले, आणि त्यांच्या संस्थेतल्या कुणीतरी असंही म्हणालं, की तिला सगळं आधीच माहीत असणार. वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली नाही. फलक काही दिवस होडीवर राहिला, मग एका सकाळी नव्हता. तेजस्वी पावसाळ्याआधी गेली.

गावाचा राग मात्र सुदेशवर निघाला नाही, तुळसावर निघाला. सत्यवान लिलावात मोठ्याने म्हणाला, "आपल्याच पोराचो गळो कापणारी बाई." बायका तिला बघून बोलणं थांबवायच्या. खानावळीत जेवायला येणारे तांडेल दुसरीकडे जाऊ लागले. तुळसा विहिरीवर जाई तेव्हा तिच्या आधी आलेल्या घागरी पटापट भरून निघून जात. दीपिका मुंबईहून फोनवर म्हणाली, "आई, गप्प बसायचं होतंस." तुळसा म्हणाली, "बसलेलंय. खूप दिवस बसलेलंय."

सारंगांचा गणपती यशोदाच्या घरी बसायचा. दर वर्षी मोदक तुळसाच्या हातचे. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. चतुर्थीच्या सकाळी तुळसा अंघोळ करून, न बोलावताच मागच्या दाराने आत गेली आणि चुलीपाशी बसली. यशोदाने तिच्याकडे पाहिलं, मग तांदळाच्या पिठाची परात तिच्यापुढे सरकवली. सुदेश आरतीची तयारी करत इकडून तिकडे जात होता. "काकी, वायच सर," एवढंच तो म्हणाला. तेवढंही सहा-सात महिन्यांनी होतं.

पुढच्या हिवाळ्यात तेजस्वी परत आली. या वेळी संस्था दुसरी आणि छोटी, खर्चाला हात आखडता. तुळसाने खोली झाडून ठेवली होती. दोन महिने दगड उलटून तिला नखाएवढी तपकिरी, बिनशंखाची एक समुद्री गोगलगाय मिळाली, जी भारतात याआधी कुणी नोंदवली नव्हती. ती तिने स्वतः उचलली, पुन्हा त्याच जागी आणखी दोन पाहिल्या, दुसऱ्या जाणकाराला नेऊन दाखवल्या. निबंध छापून आला. वर्तमानपत्रवाला कुणी आला नाही. सत्यवानने फोटो पाहिला आणि विचारलं, "चावता काय?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

फेब्रुवारीत, मालवणच्या दक्षिणेला असलेल्या निवती गावच्या लवू नावाच्या मच्छीमाराने तेजस्वीच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. कुणीतरी त्याला तिचा नंबर दिला होता. खोल खडपावरच्या जाळ्यात आलेला मासा, बोटाएवढा, शेंदरी, पाठीवर निळी रेघ.

मासा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, फोटो काढला आणि दर्यात टाकला.

तेजस्वीने मोबाइल तुळसापुढे धरला. तुळसाने फोटो पाहिला. "तोच?"

"तोच. पण कुठला, ते आता कोण सांगणार?" तेजस्वी म्हणाली. "सुटलेला असेल. त्याची पिल्लं असतील. किंवा हा मासा पूर्वीपासूनच इथे असेल, आपल्यालाच कधी दिसला नसेल. खरा असला तरी आता कुणी मानणार नाही. मीच मानणार नाही."

सुदेशला हे कळलं तेव्हा तो संध्याकाळी पायरीवर येऊन उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा. "निवतीचे खडप माका ठावक आसत," तो म्हणाला. "मी बुडी मारतंय. असलो तर बघून येतंय."

"तू नको," तेजस्वी म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "तू सांगितलंस तर ते नोंदीत धरता येत नाही, सुदेश. तुझी होडी चालेल. तू पाण्यात उतरायचं नाहीस."

तो काही वेळ अंगठ्याने पायरी उकरत राहिला. "बरा," म्हणाला.

ते गेले त्या दिवशी दर्या शांत होता. तेजस्वी आणि कुडाळहून आलेला निलेश नावाचा पाणबुड्या खाली गेले. होडीत सुदेश आणि तुळसा. तुळसाला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली डबा घेऊन आली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर बसली. ती कशासाठी आली आहे हे सुदेशला विचारायची गरज नव्हती.

इंजिन बंद होतं. खाली गेलेल्यांची दोरी सुदेशच्या हातात, बुडबुडे वर येत होते.

"काकी," तो म्हणाला, "अजून इश्वास नाय?"

"नाय."

"कधी येतलो?"

"माका काय ठावक रे."

निलेशने डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली, मान हलवली, काही नाही. नळी पुन्हा तोंडात धरून तो खाली गेला. सुदेशने दोरी थोडी सैल सोडली. तुळसाने डबा उघडला, भाकरीवर सुकटीची चटणी घातली आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. दोन्ही हात दोरीला गुंतलेले म्हणून त्याने ती तोंडानेच घेतली. होडी हलकेच फिरली, सावली दुसऱ्या बाजूला गेली. बुडबुडे आता किनाऱ्यापासून लांबच्या खडपाकडे सरकत होते, आणि ती दोघं तिकडेच बघत बसली.